फोटो मिळाला की लगेच निघू नकोस

या वेळचं पत्र:

"ताई, मी २९ वर्षांचा, ऐरोलीत राहतो, जॉब पण इथेच आयटी पार्कमध्ये. दोन वर्षांपूर्वी बोनसमधून क्रॉप सेन्सरवाला मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ किट लेन्स. दर रविवारी ग्रुपबरोबर बाहेर पडतो, उपवन, येऊर, खारघर, पाम बीच, खाडीतली फ्लेमिंगोची बोट, सगळं झालं. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स वगैरे व्हिडिओ बघून शिकलो. हार्डडिस्कवर ११ हजार फोटो आहेत, मागच्या महिन्यात बसून चाळले तर लक्षात आलं की पहिल्या सहा महिन्यात जसे येत होते तसेच आजही येतायत. ग्रुपमधले एक सिनियर म्हणाले, शार्प आहेत पण तुझे वाटत नाहीत, कोणाचेही असू शकतात. फार लागलं ते. आता २००-६०० लेन्स ईएमआयवर घ्यायचा विचार आहे, घेऊ का? माणसांचे फोटो काढायला भीती वाटते म्हणून टाळतो. आणि पावसाळ्यात चार महिने कॅमेरा बॅगेतच पडून असतो. पुढे कसं जायचं कळत नाही. सोबत दहा फोटो पाठवतोय, खरं काय ते सांगा. – ऐरोलीचा एक वाचक"

अरे, आधी लेन्सचं सांगते म्हणजे तुझं डोकं मोकळं होईल. आत्ता नको घेऊस. २००-६०० ने फ्लेमिंगो जवळ येतील हे खरं, पण तुझी तक्रार ते लांब दिसतात अशी नाहीचए, तुझी तक्रार आहे की दोन वर्षांत फोटो बदलले नाहीत, आणि त्या तक्रारीवर ही लेन्स काहीच करणार नाही, वर दर महिन्याला हप्ता जाईल आणि तो वसूल व्हावा म्हणून तू रविवारी उठून फक्त पक्ष्यांच्या मागे धावशील. अगदीच हौस असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या वीकेंडला भाड्याने आण, बघ, परत दे. पक्ष्यांचंच वेड आहे असं स्वतःला कळलं तर पुढच्या वर्षी घे की, कोण नाही म्हणतंय.

आता तुझे दहा फोटो. सिनियर बोलले ते बोलण्याची पद्धत कदाचित बरी नसेल पण चुकीचं नाही बोलले, आणि तू ते मनाला लावून घेतलंस याचा मला आनंदच झाला कारण ज्याला काही फरक पडत नाही तो पत्र लिहीत नाही. मी काय केलं, फोटोंबरोबर फाइलमध्ये जी तारीख-वेळ आणि नंबर येतात ते बघितले. उपवनचा तलावाचा फोटो ६ वाजून ५२ मिनिटांचा, त्याच सकाळचा पुढचा ७ वाजून १ मिनिटाचा आणि तो पार दुसऱ्या कोपऱ्यातून, मधले फाइल नंबर मोजले तर मधे फक्त चार फोटो. खारघरच्या टेकडीचंही तेच. पाम बीचचंही तेच. म्हणजे तू एका जागी पोचतोस, दोन-तीन क्लिक, स्क्रीनवर बघतोस, "मिळाला" म्हणतोस आणि निघतोस. कुठेच पाच मिनिटांच्या वर थांबलेला दिसत नाहीस.

आणि गंमत अशी आहे बघ की कुठल्याही जागी गेल्या गेल्या जो पहिला फोटो सुचतो ना, तो आपण आधी कुठेतरी बघितलेला असतो. उपवन म्हटलं की पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंब. फ्लेमिंगो म्हटलं की गुलाबी थवा उडताना. डोक्यात तो साचा तयारच असतो, आपण फक्त जागेवर जाऊन तो भरून आणतो. म्हणून तो कोणाचाही असू शकतो. तुझा फोटो त्याच्या नंतर सुरू होतो, जेव्हा ठरलेलं काढून संपलेलं असतं, थोडा कंटाळा आलेला असतो, आणि ग्रुपमधलं कोणीतरी "चला, चहा घेऊ" म्हणतं. नेमकं तेव्हा तू निघून जातोस. माझं तुला सांगणं एवढं एकच आहे, बाकी खाली जे लिहितेय ते सगळं त्यातूनच आलंय: तिथेच थांब, आणि त्याच जागी परत परत जा.

जागा कुठली घेशील? तू ऐरोलीत राहतोस, तुझ्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे आणि तू फोटो काढायला खारघरला जातोस! दिवा कोळीवाड्याच्या बाजूची जेट्टी, तिथली खाडी, ऐरोलीचा पूल, समोर मुलुंड-भांडुपच्या इमारती, मधे खारफुटी, पाण्यात उभे असलेले हाय टेन्शनचे टॉवर. ठाणे खाडीच्या या पट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये रामसर दर्जाही (पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, लोक लांबून बोटीत बसायला येतात, आणि तुला ते चपला घालून चालत जाऊन बघता येतं. वर्षभर तीच एक जागा घे.

आता तू म्हणशील ताई, एकाच जागी वर्षभर काय काढू. तर ऐक, भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांचे झाले जवळजवळ सहा तास. आणि भरती ते ओहोटी यातलं अंतर पण सहा तासांचंच. म्हणजे या रविवारी सकाळी सातला तू गेलास आणि खाडी काठोकाठ भरलेली असेल, तर पुढच्या रविवारी बरोब्बर सातला तिथे चिखल असेल, होड्या कलंडलेल्या, बगळे चालतायत, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत पाणी. घड्याळ तेच, जागा तीच, खाडी वेगळी. मी चेंदणी कोळीवाड्यात जायचे तेव्हा तिथल्या एका काकांनी मला हिशोब शिकवला होता, तिथीला पाऊणपट करायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला जरा उशीर होतो तेवढा धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फारसा फरक दिसत नाही. मोबाइलवर भरतीचा तक्ता मिळतोच पण कॅलेंडरवरची तिथी बघून स्वतः हिशोब केलास ना तर खाडी तुझ्या डोक्यात बसेल, उद्या पाणी कुठल्या पायरीपर्यंत येणार हे तुला आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दिसायला लागेल, आणि फोटोची तयारी तिथूनच सुरू होते.

उजेडाचंही असंच आहे. तुझी खाडी तुझ्या पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागून, पारसिकच्या डोंगरावरून उशिराने वर येणारा, समोरचं सगळं स्वच्छ आणि जरा सपाट दिसतं. संध्याकाळी तोच सूर्य समोर, पाणी चकाकतं, माणसं आणि होड्या काळ्या आकृत्या होतात. तू आत्तापर्यंत फक्त सकाळी गेलायस (फाइलच्या वेळांवरूनच सांगतेय). शिफ्ट संपल्यावर जा ना एकदा. डिसेंबरात सहाच्या पुढेमागे सूर्य मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातच्या पुढे, म्हणजे ऑफिसनंतर गेलास तरी वर्षभरात तुला वेगवेगळे उजेड मिळतील. भर दुपारीही जा एखाद्या दिवशी, सगळे सांगतात दुपारचा उजेड वाईट पण मेच्या मध्यावर आपल्याकडे असा दिवस येतो की साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली गायब होते, जेट्टीवरच्या खांबांचं ते बघण्यासारखं असतं.

मग तिथे उभं राहून करायचं काय. पहिलं, तुझी १८-५५ घे, ३५ वर आण आणि झूमच्या रिंगला कागदी चिकटपट्टी लाव. खरंच लाव, "मी नाही फिरवणार" असं ठरवून काही होत नाही, हात आपोआप जातो. तुझ्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरवर, ३५ म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या रोलच्या फ्रेमएवढा मोठा सेन्सर) पन्नासच्या आसपास, आणि आँरी कार्तिए-ब्रेसों या फ्रेंच फोटोग्राफरने जवळपास सगळं आयुष्य एका ५० एमएम लेन्सवर काढलं. आपल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावालांनी ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम केलं त्याला तर लेन्स बदलायची सोयच नव्हती. तीन महिने अशी पट्टी ठेवलीस ना की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच तुला कळायला लागेल कुठून कुठपर्यंत येणार, आणि मग तू कॅमेऱ्याऐवजी समोर बघायला लागशील.

दुसरं, एका वेळी ३६ फोटो. रोलच्या जमान्यात तेवढेच मिळायचे. पण ते एका तासात आणि एकाच पन्नास पावलांच्या पट्ट्यात संपवायचे, आणि मधे स्क्रीनवर बघायचं नाही, फोटो काढल्यावर आपोआप दिसतो तो प्रिव्ह्यू सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. पहिले दहा ठरलेले येतील, येऊ देत, ते काढल्याशिवाय डोक्यातून जात नाहीत. साधारण पंधराव्यानंतर हात अडखळतो, आता काय काढू असं होतं. थांब तिथे. खाली बस, जेट्टीच्या पायरीवर बस आणि पाच मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेव.

रूल ऑफ थर्ड्सचं (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून महत्त्वाचं त्या रेघांवर ठेवायचं) तू विचारलं नाहीस पण दहाच्या दहा फोटोत ते दिसतंय, क्षितिज बरोबर खालच्या रेघेवर, होडी बरोबर उजव्या रेघेवर, जणू कोणी पट्टी घेऊन तपासणार आहे. हा नियम फोटोग्राफीचा नाहीच मुळात, १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडला, जमीन-पाणी एक हिस्सा आणि आकाश दोन हिस्से अशा प्रमाणात, तेव्हा कॅमेऱ्यातून फोटो निघायचा होता अजून. वाईट नाही नियम, सुरुवातीला सगळं मधोमध ठेवायची सवय मोडायला कामाचा आहे, तुझी ती मोडलीय. आता तो सोड आणि कडा बघ. माझ्या मते कंपोझिशनमधली निम्मी चूक कडांवर असते, मधे नाही. तुझ्या सहा नंबरच्या फोटोत कोळी दादा उभे आहेत, छान उभे आहेत, पण त्यांच्या डोक्यातून मागच्या होडीची काठी बाहेर आलीय, डाव्या कडेला कोणाचा तरी अर्धा चप्पल आहे आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढरं आकाश एवढं भगभगीत आहे की नजर सारखी तिकडेच पळते. तू दादांकडे बघत होतास, फ्रेमकडे बघत नव्हतास. क्लिक करायच्या आधी चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवायची सवय लाव, पहिले पंधरा दिवस त्यात क्षण निसटतील, निसटू देत, नंतर ते आपोआप अर्ध्या सेकंदात होतं.

आणि एक युक्ती सांगते जी मला सगळ्यात उपयोगी पडली. माणूस शोधत फिरू नकोस, आधी मागचं शोध. एखादी रंग उडालेली भिंत, दोन होड्यांमधली मोकळी जागा, पुलाच्या खांबांमधून येणारा उजेडाचा पट्टा, असं काहीतरी जे रिकामं असतानाच बरं दिसतंय. त्याच्यासमोर उभा राहा, फ्रेम पक्की कर, एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) पक्कं कर, आणि वाट बघ. कोणीतरी येतंच, कोळीण पाटी घेऊन येते, शाळेचा पोरगा सायकल घेऊन येतो, कुत्रं येतं. ते त्या रिकाम्या जागेत आलं की दाब. माणूस आणि मागचं एकमेकांना चिकटलं नाही पाहिजे, मधे थोडी हवा हवी, डोकं उजेडावर यायला हवं की गडद भागावर हे तुला आधीच ठरवता येतं कारण मागचं तर तिथेच आहे, हलत नाही.

ते टॉवर पण. तुझ्या खाडीच्या तीन फोटोत मला दिसलं की तू अंग चोरून हाय टेन्शनचे टॉवर बाहेर ठेवलेत, एकात तर क्रॉप करताना फ्लेमिंगोचे पाय गेले. का रे? ते आहेत ना तिथे. ऐरोलीची खाडी अशीच आहे, एकीकडे पक्षी, एकीकडे तारा, मागे उंच बिल्डिंगी. कोणत्या तरी परदेशी तळ्यासारखी दिसावी म्हणून तू जे जे कापतोस तेच नेमकं तुझ्या गावचं आहे. सिनियर म्हणाले ना कोणाचेही असू शकतात, त्याचं एक कारण हे.

माणसांच्या भीतीबद्दल. ही भीती असणं चांगलंय असं मला मनापासून वाटतं, ज्याला ती अजिबात नसते तो लोकांच्या तोंडात लेन्स घालतो. मला तुला चेंदणीतल्या आजींची गोष्ट सांगायचीय. ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाडा, मी नौपाड्यात राहते, तिथून पूल ओलांडून जायचे दर शनिवारी सकाळी, साधारण दीड वर्ष. पहिले दोन महिने फोटोच काढले नाहीत लोकांचे, नुसत्या होड्या, जाळी, मांजरं. मग एका आजींना विचारलं, त्या ओट्यावर कोळंबी सोलत बसायच्या, त्या हो म्हणाल्या, मी चेहऱ्याचा जवळून फोटो काढला, सुरकुत्या, नथ, डोळ्यात उजेड, मला वाटलं काय फोटो मिळालाय. पुढच्या शनिवारी चार बाय सहाची प्रिंट काढून घेऊन गेले. आजींनी हातात घेतली, लांब धरून बघितली, उलटी करून बघितली, आणि म्हणाल्या, "माजं हात कुठं गेलं गो?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, कोळंबीने ओले, बोटं वाकडी झालेली, हिरव्या बांगड्या. मी एक बाई काम करताना बघितली होती आणि फोटोत नुसता चेहरा आणला होता, जसा मी मासिकांत शंभर वेळा बघितला होता. त्यांनी मला हाकलून नाही दिलं, उलट सरकून बसायला जागा दिली, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा ओट्यावर त्यांच्या उंचीला बसून बघितलं, तेव्हा दिसलं की सोललेल्या कोळंबीचा ढीग, हात, मांडी, मागे दारात उभी नात, हे सगळं एका सरळ तिरप्या रेषेत येतंय. उभं राहून ते दिसतच नव्हतं. तो फोटो आजही माझ्या घरात लावलेला आहे, आणि त्याची एक प्रिंट त्यांच्या घरात टीव्हीच्या वर. कंपोझिशन मी पुस्तकातून वाचलं होतं, पण मला ते त्या आजींनी शिकवलं असंच मी मानते.

तर तुला तेच सांगते, पहिले काही आठवडे जेट्टीवर नुसता दिसत राहा. लोकांना तुझं तोंड ओळखीचं होऊ दे. मग विचार, सरळ मराठीत, "दादा, एक फोटो काढू का, पुढच्या रविवारी प्रिंट आणून देतो." आणि आण. न चुकता आण. नाही म्हणाले तर हसून पुढे जा, लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. पाचव्या-सहाव्या प्रिंटनंतर तेच हाक मारतील, अरे इकडे ये, जाळं टाकतोय. तुझी भीती ओळख नसल्याची आहे, एकाच जागी परत परत गेलास की ती आपोआप कमी होते, त्यासाठी वेगळा धीर गोळा करावा लागत नाही.

पावसाळा. चार महिने कॅमेरा बॅगेत हे तर अजिबात नको, आणि फोटोंसाठी नंतर बोलू, आधी कॅमेऱ्यासाठी सांगते. आपल्या दमट हवेत बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. माझी एक जुनी लेन्स अशीच गेली, दुरुस्तीला दिली तर साफ होऊन आली पण कोटिंग खराब झालं ते झालंच. हवाबंद डबा घे, किचनमध्ये असतो तसला प्लॅस्टिकचा चालतो, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, त्यांचा रंग बदलला की गरम करून सुकव, आणि दर दोन-चार दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून वापर. वापरातल्या कॅमेऱ्याला सहसा बुरशी लागत नाही.

आता फोटोचं. प्रागमध्ये जोसेफ सुदेक म्हणून एक फोटोग्राफर होता, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, आणि एका हाताने तो मोठे जड कॅमेरे वापरायचा. १९४० पासून, शहर जर्मनांच्या ताब्यात होतं आणि बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं धोक्याचं होतं तेव्हा, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. तीच खिडकी. काचेवर धुकं, थेंब, बर्फ, पलीकडे एक वाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावर कधी ग्लास कधी फूल. १९५४ पर्यंत काढत राहिला. चौदा वर्षं, एक खिडकी. इंटरनेटवर शोधून ते फोटो मोठ्या स्क्रीनवर बघ आणि मग तुझ्या घरातल्या ग्रिलच्या खिडकीकडे बघ, जुलैमध्ये त्या ग्रिलवर थेंब लोंबत असतात, आत वाळत घातलेले कपडे, काचेवर श्वासाचा दमटपणा, पलीकडे समोरच्या बिल्डिंगचे दिवे पसरलेले. कॅमेरा भिजायची भीतीच नाही. फोकस एकदा थेंबांवर कर, एकदा पलीकडच्या दिव्यांवर, त्यात काय बदलतं ते स्वतःच्या डोळ्याने बघ. बाहेर पडायचं असेल तर जेट्टीवरच्या शेडखाली उभा राहा, छत्र्या येतात-जातात, ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो त्यामुळे चेहरे खूप छान येतात. खाडीवर ढग भरून आलेले असतात आणि समोरच्या किनाऱ्यावर अचानक एकाच बिल्डिंगवर ऊन पडतं, असं पावसाळ्याशिवाय कधी मिळणार?

आता ते ११ हजार. मला याची जास्त काळजी वाटते लेन्सपेक्षा. काढणं हा अर्धाच भाग, निवडणं हा उरलेला, आणि तो तू केलेलाच नाहीयेस. काढल्या काढल्या निवडू नकोस, त्या दिवशी आपण दमलेलो असतो, पहाटे उठलेलो असतो, त्या कष्टामुळे फोटो आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. दोन आठवडे जाऊ दे. मग ३६ मधून दोन काढ, फार तर तीन. महिन्याचे आठ-दहा होतील, स्टुडिओत जाऊन त्यांच्या चार बाय सहाच्या प्रिंट्स काढ, फार पैसे लागत नाहीत, आणि घरी जमिनीवर पसर. स्क्रीनवर एकानंतर एक बघताना जे कळत नाही ते जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं, की अरे मी सारखा डोळ्यांच्याच उंचीवरून काढतोय, किंवा प्रत्येक फोटोत सगळं लांबच आहे, किंवा पिवळा रंग दिसला की माझा हात जातोच. ते शेवटचं महत्त्वाचं, ज्याकडे हात परत परत जातो ते लिहून ठेव. घरच्यांना बोलव आणि विचार, कुठला आवडला असं नको विचारू, "यात काय चाललंय?" असं विचार. आईने जे सांगितलं ते आणि तुला जे दाखवायचं होतं ते जुळतंय का बघ.

एडिटिंगवर जास्त बोलत नाही, क्षितिज सरळ कर, उजेड-अंधार नीट कर आणि फ्लेमिंगोंना आणखी गुलाबी करू नकोस, तुझ्या दोन फोटोत ते लिपस्टिक लावल्यासारखे झालेत. शेकडो फिके पक्षी फ्रेमभर असतील तेव्हा कॅमेरा त्यांना राखाडी करतो, तिथे एक्सपोजर थोडं प्लसमध्ये घे म्हणजे नंतर रंग ओढायची गरज पडणार नाही. आणि एकटा पांढरा बगळा काळ्या खारफुटीसमोर असेल तर उलटं, मायनसमध्ये.

ग्रुप सोडू नकोस हं. रविवारची ती भटकंती, चहा, मिसळ, एकमेकांच्या लेन्स लावून बघणं, त्यात मजा आहे आणि ती हवीच. फक्त तुझं खाडीचं काम ग्रुपच्या रविवारात मिसळू नको, आठवड्यात एक संध्याकाळ किंवा एक पहाट त्याची वेगळी ठेव, तासभर पुरतो. आणि अधूनमधून एखादा रविवार कॅमेरा घरी ठेवून ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी असा जा, काळा घोड्याला जहांगीरमध्ये किंवा एनसीपीएच्या पिरामल गॅलरीत फोटोंचं प्रदर्शन लागलेलं असेल तर बघ. मोबाइलवर अंगठ्याने सरकवलेले हजार फोटो आणि भिंतीवरच्या एका प्रिंटसमोर दहा मिनिटं उभं राहणं यात खूप फरक आहे. एकच निवड आणि त्याच्यासमोर उभा राहा, फोटोग्राफर कुठे उभा होता, कशाची वाट बघत होता, कडेला काय येऊ दिलं, याचा अंदाज लाव.

सिनियरांनाही एक प्रिंट दाखव तीन महिन्यांनी. रागाने नको, विचारायला म्हणून दाखव. ते वाक्य बोलून गेले म्हणजे त्यांनी तुझे फोटो नीट बघितले होते, बहुतेक जण तर "मस्त भाऊ" म्हणून पुढे जातात.

तर या आठवड्यात चिकटपट्टी लाव, कॅलेंडरवर रविवारची तिथी बघ, पाऊणपट कर आणि भरतीच्या आधी तासभर जेट्टीवर जाऊन बस, म्हणजे पाणी चढताना दिसेल. ३६ संपेपर्यंत उठू नकोस. तीन महिन्यांनी मला बारा प्रिंट्स पाठव, फाइल नकोत, प्रिंट्सच, आणि प्रत्येकीच्या मागे पेनने तारीख, वेळ, तिथी आणि तो ३६ मधला कितवा होता ते लिही. मला तो शेवटचा आकडा बघायचाय.